विश्लेषण : काचेतल्या समुद्रातले ‘गाजर गवत’, आयप्टेशियावर शिकारी सोडावा, पण कोणता?

बावधनहून समुद्र गाठायचा तर ताम्हिणी घाट उतरून शंभरहून अधिक किलोमीटर जावे लागते. तरीही इथल्या एखाद्या फ्लॅटच्या दिवाणखान्यात समुद्र मांडता येतो. आरओचे पाणी, त्यात मोजून मिसळलेले कृत्रिम सागरी मीठ, निळसर एलईडी दिवे, पाणी फिरवणारे पंप, उन्हाळ्यासाठी चिलर आणि मध्यभागी सच्छिद्र दगडांचा ढीग. पाण्याचा टँकर सोसायटीच्या दारात उभा राहणाऱ्या भागात पाण्याचा प्रत्येक थेंब गाळून समुद्र तयार करणे हा तसा उलटाच उद्योग, पण हौसेला मोल नसते.

काही महिने गेले की एखाद्या दिवशी दगडाच्या कपारीत तपकिरी, अर्धपारदर्शक, फुलासारखे काहीतरी डोलताना दिसते. घरातले कौतुकाने पाहतात. फोटो जाणकाराला पाठवला की एका शब्दात उत्तर येते : आयप्टेशिया. त्यानंतरचा सल्लाही ठरलेला असतो, ‘हे खाणारा मासा सोडा’. हा सल्ला चुकीचा नाही, पण अर्धवट आहे.

आयप्टेशिया म्हणजे नेमके काय?

सी ॲनिमोन, म्हणजे समुद्रफूल, या गटातला हा एक छोटा प्राणी. दिसायला फूल असले तरी ही वनस्पती नव्हे. प्रवाळ आणि जेलीफिश यांचा हा नातेवाईक. पायाने दगडाला चिकटायचे, वर तोंड आणि तोंडाभोवती लांब, टोकदार शुंडके. त्या शुंडकांवर सूक्ष्म दंशपेशी असतात. शेजारी प्रवाळ असेल तर तो या दंशाने मागे सरतो, आक्रसतो, कधी मरतो. लहान मासे आणि गोगलगायीही त्याच्या तावडीत सापडतात.

टँकमध्ये तो विकत कुणी आणत नाही. प्रवाळाचा छोटा तुकडा, ज्याला हौशी मंडळी ‘फ्रॅग’ म्हणतात, किंवा जिवंत जिवाणू-शेवाळाने भरलेला ‘लाइव्ह रॉक’ आणला की त्याच्या खाचेत तो फुकट येतो. सुरुवातीला आकार मिलिमीटरभर. नंतर मात्र माशांना घातलेले जादा खाद्य, तीव्र प्रकाश आणि शत्रूचा अभाव अशी तिहेरी मेजवानी त्याला मिळते.

गंमत म्हणजे ज्या जिवाला घराघरांत मारण्याचे बेत आखले जातात, त्याला प्रयोगशाळांत लाडाने वाढवले जाते. प्रवाळाप्रमाणेच आयप्टेशियाच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते, प्रकाशापासून अन्न बनवते आणि यजमानाला देते. पाणी तापले की ही भागीदारी तुटते आणि प्राणी पांढरा पडतो. समुद्रात यालाच प्रवाळांचे विरंजन म्हणतात. प्रवाळ वाढायला वर्षे लागतात, आयप्टेशिया भराभर वाढतो. म्हणून या प्रश्नाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ त्यालाच प्रयोगासाठी निवडतात. २०१५ मध्ये त्याचा जनुकीय आराखडाही प्रसिद्ध झाला. प्रयोगशाळेत जो गुण, तोच दिवाणखान्यात दुर्गुण.

हाताने उपटून तो जात का नाही?

कारण उपटणे हीच त्याची पेरणी आहे. आयप्टेशिया सरकताना त्याच्या पायाच्या कडेचे बारीक तुकडे मागे राहतात आणि प्रत्येक तुकड्यातून नवा प्राणी उभा राहतो. ब्लेडने खरवडला, चिमट्याने ओढला तरी तेच होते. शिवाय डिवचल्यावर तो क्षणात आक्रसून छिद्रात शिरतो आणि पांढरे, दंशपेशींनी भरलेले धागे बाहेर फेकतो. रविवारी दुपारी दहा उपटले आणि महिन्याभरात तीस दिसले, हा अनेकांचा अनुभव असतो तो यामुळेच.

संख्या कमी असेल तर औषधी उपाय चालतो. सर्वांत साधा म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइडची घट्ट पेस्ट, अर्थात विड्याच्या पानाला लावतात तोच चुना, फक्त शुद्ध दर्जाचा. पंप बंद करून सुई नसलेल्या सिरिंजने ती आयप्टेशियाच्या तोंडावर हलकेच सोडायची. तो अन्न समजून गिळतो आणि आतून मरतो. एका वेळी चार-पाचच घ्यायचे, कारण चुन्याने पाण्याचा सामू झपाट्याने चढतो. पण मागच्या बाजूचे, दगडाखालचे, पाईपमधले आयप्टेशिया सिरिंजला दिसतच नाहीत.

दगड बाहेर काढून उकळण्याचा ‘जालीम’ उपाय मात्र कुणी करू नये. अशा दगडांवर पॅलिथोआ नावाचे जीव असू शकतात आणि त्यांतील पॅलिटॉक्सिन हे निसर्गातील अत्यंत जहाल विषांपैकी एक आहे. दगड उकळताना किंवा वाफेने साफ करताना घरातील माणसे रुग्णालयात दाखल झाल्याची प्रकरणे परदेशांत नोंदलेली आहेत. बंद फ्लॅटमध्ये हा धोका आणखी वाढतो.

मग शिकारी सोडण्याची कल्पना कुठून आली?

ही कल्पना शेतीत जुनी आहे आणि पुण्याला तर चांगलीच परिचयाची. १९५० च्या दशकात पुण्यात गाजर गवताची नोंद झाली आणि पुढे ते देशभर पसरले. कापून, उपटून, फवारून ते आवरेना, तेव्हा १९८३ मध्ये त्याची पाने खाणारा मेक्सिकन भुंगा भारतात आणण्यात आला. काही वर्षांनी तोच भुंगा सूर्यफुलाच्या पानांवर दिसला आणि एकच खळबळ उडाली. पिकाचा नवा शत्रू आपणच आणला की काय, अशी शंका घेतली गेली. नंतरच्या अभ्यासात उलगडा झाला तो असा : शेजारच्या गाजर गवताचे परागकण सूर्यफुलाच्या पानांवर पडत होते आणि त्या वासाने-चवीने भुंगा ती पाने कुरतडत होता. सूर्यफूल हे त्याचे खरे खाद्य नव्हतेच.

या प्रकरणातले दोन प्रश्न टँकसमोर उभ्या असलेल्या माणसालाही जसेच्या तसे लागू पडतात. सोडलेला शिकारी फक्त शत्रूच खातो का? आणि शत्रू संपला की तो काय खातो?

‘बर्गिया’ : फक्त आयप्टेशिया खाणारी गोगलगाय

पहिल्या प्रश्नाचे सर्वांत स्वच्छ उत्तर ‘बर्गिया स्टेफनी’ देते. ही शंख नसलेली समुद्री गोगलगाय. लांबी जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर, पाठीवर मऊ काट्यांसारखी उभी शिंगे. ती आयप्टेशिया सोडून काहीही खात नाही. प्रवाळ नाही, शैवाल नाही, बाजारचे खाद्य नाही. इतकेच नव्हे, तर आयप्टेशियाच्या न फुटलेल्या दंशपेशी ती गिळून आपल्या पाठीवरच्या शिंगांच्या टोकांत साठवते आणि स्वसंरक्षणासाठी वापरते. शत्रूचीच काडतुसे आपल्या बंदुकीत.

ती रात्री हिंडते. दिवसा दगडाखाली दडते. त्यामुळे सोडल्यावर दोन-तीन आठवडे मालकाला काहीच दिसत नाही आणि पैसे पाण्यात गेले असे वाटते. एक-दोन सोडून भागत नाही, गट लागतो. प्रत्येक बर्गिया नरही असते आणि मादीही, त्यामुळे कोणत्याही दोघी भेटल्या तरी अंडी पडतात. पांढऱ्या धाग्याची गुंडाळी करून ठेवावी तशी ती अंडी दिसतात. साधारण दोन आठवड्यांत पिल्ले बाहेर येतात आणि आणखी दोनेक महिन्यांत तीही अंडी घालू लागतात. म्हणजे टँकमधला फरक खऱ्या अर्थाने दिसतो तो पहिल्या नव्हे, तर दुसऱ्या पिढीच्या बळावर.

पण तिला खाणारे त्याच टँकमध्ये असतात. रास जातीचे अनेक मासे, खेकडे आणि गमतीचा भाग म्हणजे आयप्टेशियावरच सोडलेली पेपरमिंट कोळंबीही बर्गियाला किंवा तिच्या अंड्यांना गट्टम करते. पंपाच्या तोंडात ओढली जाऊन मरणाऱ्याही कमी नसतात. दोन शिकारी एकत्र सोडले की काम दुप्पट वेगाने होईल, हा हिशेब म्हणूनच फसतो.

आता दुसरा प्रश्न : आयप्टेशिया संपल्यावर काय? उत्तर सरळ आहे, उपासमार. रशियन जीवशास्त्रज्ञ जॉर्जी गाउझे याने हेच १९३० च्या दशकात काचेच्या नळीत दाखवले होते. त्याने पॅरामेसियम नावाच्या एकपेशीय जिवांमध्ये त्यांना खाणारा डिडिनियम सोडला. डिडिनियमने सगळे भक्ष्य संपवले आणि मग तोही उपाशी मेला. पुढच्या प्रयोगात त्याने नळीच्या तळाशी थोडा गाळ ठेवला. काही पॅरामेसियम त्यात लपले. बाहेरचे संपल्यावर शिकारी मेला आणि लपलेले पुन्हा वाढून नळीभर झाले.

रीफ टँक म्हणजे गाळ ठेवलेली नळीच. दगडाच्या आतल्या पोकळ्या, पाणी खाली नेणारे पाईप, कॅबिनेटमधली फिल्टरची टाकी, हे सगळे आयप्टेशियाचे ‘गाळ’ आहेत. अंधारातही तो तग धरतो. शरीरातले शैवाल गेले तरी पाण्यातून येणारे अन्नकण पकडून जगतो. बर्गियांनी समोरचा दगड लख्ख केला, त्या उपाशी मेल्या आणि चार महिन्यांनी पाईपमधल्या एका तुकड्यापासून पुन्हा सुरुवात झाली, असे होते ते म्हणून. अनुभवी लोक काही बर्गिया मुद्दाम खालच्या फिल्टर टाकीतही सोडतात. तिथे मासे नसतात, पंपावर जाळी लावता येते आणि लपलेला साठाही संपतो.

पेपरमिंट कोळंबी घेताना काय तपासावे?

लाल उभ्या रेषांची ही छोटी, जवळजवळ पारदर्शक कोळंबी सर्वांत लोकप्रिय शिकारी आहे. लायस्मॅटा या गटातल्या, अटलांटिकच्या उष्ण किनाऱ्यावरच्या काही जाती आयप्टेशिया खातात, हे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातही दिसले होते. पण सगळ्या जाती सारख्याच भुकेच्या नसतात. दुकानात मात्र सगळ्यांवर एकच पाटी असते. छोट्या आयप्टेशियांवर त्या तुटून पडतात, मोठ्यांना बहुतेक वेळा टाळतात. शिवाय संध्याकाळी माशांसाठी टाकलेले खाद्य आयते मिळत असेल तर डंख मारणारे जेवण कोण करील? कोळंबी काम करत नाही, अशी तक्रार असते तेव्हा अनेकदा हात सैल सोडून खाद्य टाकणारा मालक हेच कारण असते.

खरा घोळ वेगळाच आहे. पेपरमिंटच्या नावाखाली कधी कधी ‘कॅमल’ कोळंबी गळ्यात मारली जाते. ती आयप्टेशियाऐवजी मऊ प्रवाळ आणि झोअँथिड यांच्यावर ताव मारते. ओळखायला दोन खुणा पुरतात : पाठीवर स्पष्ट कुबड आणि लाल अंगावर ठसठशीत पांढऱ्या रेषा-ठिपके. पेपरमिंटच्या अंगावर असे पांढरे पट्टे नसतात.

भारतात ही चूक अधिक महाग पडते, कारण इथल्या टँकमध्ये नेमके मऊ जीवच अधिक सोयीचे असतात. वन्यजीव (संरक्षण) कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये सर्व खडक-बांधणारे कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाईप प्रवाळ, फायर कोरल आणि समुद्रपंखे यांचा समावेश झाला. आपल्या किनाऱ्यावरून ते तोडणे, विकणे, बाळगणे हा वाघाच्या कातड्याइतकाच गंभीर विषय आहे. मालवणच्या किंवा अंदमानच्या सहलीवरून ‘आठवण’ म्हणून आणलेला प्रवाळाचा दगडही त्याच कायद्यात येतो. परदेशातून आलेल्या कठीण प्रवाळांना साइट्स करारानुसार कागदपत्रे लागतात आणि २०२२ च्या दुरुस्तीने हे नियम थेट कायद्यात आले. विक्रेत्याने कागद दाखवला नाही तर तो प्रवाळ न घेणेच शहाणपणाचे. आयप्टेशिया फुकट येतो, खटलाही फुकटच येईल.

कॉपरबँड बटरफ्लाय हा खात्रीचा उपाय आहे का?

पांढऱ्या अंगावर तांबूस-पिवळे उभे पट्टे, लांब चिमट्यासारखे तोंड आणि शेपटीजवळ खोट्या डोळ्याचा काळा ठिपका. फोटो पाहून कुणीही प्रेमात पडेल असा हा मासा. अंदमान समुद्रापासून जपानच्या दक्षिणेकडील बेटांपर्यंत आणि ऑस्ट्रेलियापर्यंत तो आढळतो. कपारीत चोच घालून किडे आणि बारीक कवचधारी जीव वेचणे हा त्याचा स्वभाव आणि अनेक कॉपरबँड आयप्टेशियाही वेचतात. अनेक, सगळे नव्हे.

अडचण इथून सुरू होते. तो वीस सेंटिमीटरपर्यंत वाढतो, म्हणजे दोन-अडीच फुटांच्या टँकमध्ये त्याला आणणे हाच अन्याय. नव्या ठिकाणी तो पुष्कळदा अन्नाला तोंडच लावत नाही आणि काही आठवड्यांत खंगून मरतो. खाऊ लागलाच तर पाइपात राहणारे पंखेदार समुद्री किडे आधी संपवतो, शिंपल्यांना टोचतो, आणि आयप्टेशिया कधी खायचा ते स्वतः ठरवतो. समुद्रातून पकडून आणलेल्या माशांच्या बाबतीत आणखी एक काळी बाजू आहे. फिलिपिन्स, इंडोनेशियाच्या प्रवाळखडकांत मासे बेशुद्ध करण्यासाठी सायनाइड फवारण्याची बेकायदा पद्धत अजून पुरती गेलेली नाही. असा मासा दुकानात पोहता दिसतो, घरी आल्यावर मरतो आणि मागे मेलेले प्रवाळ ठेवून आलेला असतो. घरातले प्रवाळ वाचवण्यासाठी समुद्रातले मारायचे, हा सौदा कुणाच्याच हिताचा नाही.

काडीसारखी बारीक हालचाल करणारा, रंग बदलणारा ‘ब्रिसलटेल फाइलफिश’ हा लहान टँकसाठी सुचवला जाणारा पर्याय. बंदिस्त पैदाशीचा मिळाला तर कॉपरबँडपेक्षा तो केव्हाही बरा. मात्र आयप्टेशिया संपल्यावर काही फाइलफिश प्रवाळांकडे वळतात, तेव्हा त्याला बाहेर कसे काढायचे याचा विचार आत सोडण्याआधी व्हायला हवा. दगडांच्या ढिगातून मासा पकडणे म्हणजे अख्खा टँक उपसणे.

रकून आणि क्लाइन्स या बटरफ्लाय माशांची नावेही सुचवली जातात. ते आयप्टेशिया खातातच, पण प्रवाळही खातात. फक्त मासे असलेल्या टँकसाठी ठीक, रीफसाठी नाही.

सगळीच त्रासदायक समुद्रफुले आयप्टेशिया असतात का?

नाही, आणि शिकारी मागवण्याआधी ही खात्री केली नाही तर सगळे मुसळ केरात. ‘माजानो’ नावाचे दुसरे उपद्रवी समुद्रफूल आखूड, गुबगुबीत असते. शुंडकांची टोके फुगीर, रंग हिरवट किंवा तपकिरी. बर्गिया त्याला शिवत नाही. ती टँकमध्ये उपाशी मरेल आणि माजानो वाढत राहील. त्याच्यावर भरवशाचा शिकारी नाही. चुन्याची पेस्ट किंवा तो चिकटलेला दगडाचा भागच काढून टाकणे हाच मार्ग उरतो.

बावधनच्या घरात प्रत्यक्षात काय करावे?

आधी मोजणी. रात्री दिवे बंद झाल्यावर तासाभराने टॉर्च घेऊन काचेच्या चारही बाजू, पाईपची तोंडे आणि खालची टाकी तपासावी. दहा-बारापर्यंत असतील तर पेस्ट पुरते. दगडभर पसरले असतील आणि टँकमध्ये रास मासे, खेकडे, कोळंबी नसतील तर बर्गिया. ते असतील आणि प्रादुर्भाव छोट्या-छोट्या आयप्टेशियांचा असेल तर ओळख पटवून घेतलेल्या पेपरमिंट कोळंब्या, त्याही खाद्य आवरून. मासा हा शेवटचा पर्याय, तोही आयप्टेशिया नसला तरी पाळायला आवडेल आणि टँकमध्ये मावेल असाच.

बाहेरगावाहून कुरिअरने आलेली बर्गिया थेट टँकमध्ये ओतू नये. पिशवीतले आणि टँकमधले क्षारमान वेगळे असते. थेंब-थेंब पाणी मिसळत तासाभराने, दिवे बंद असताना, आयप्टेशियाच्या शेजारी नळीने सोडावी. पंपांवर बारीक जाळी लावावी. एप्रिल-मेमध्ये पार्सल मागवणे टाळलेलेच बरे. पुण्याचे ऊन आणि गोदामात पडलेला खोका यांत ती टिकत नाही.

आणि नवा फ्रॅग आला की तो आधी वेगळ्या छोट्या टाकीत काही आठवडे ठेवावा. त्याचा खालचा गोल बूड काढून फेकावा, कारण आयप्टेशिया बहुतेक वेळा त्याच्या खालच्या बाजूलाच बसलेला असतो. या एका सवयीने वरचा सगळा खर्च वाचतो, पण नवीन प्रवाळ घरी आणल्यावर इतका धीर धरणारे हौशी विरळा.

काम झाल्यावर शिकाऱ्याचे काय करायचे?

हा प्रश्न दुकानात कुणी विचारत नाही. त्याचे काय होते ते पाहायला समुद्रापर्यंत जायचीही गरज नाही. गोड्या पाण्याच्या टँकमध्ये काचेवरचे शेवाळ खाईल म्हणून सकर मासा विकत घेतला जातो. अनेक घरांत त्याला ‘सफाई कामगार’च म्हणतात. तो फूट-दीड फूट वाढतो, टँकमध्ये मावेनासा होतो आणि मग जवळच्या ओढ्यात किंवा तलावात सोडला जातो. बावधनमधून वाहणारी राम नदी पाषाण तलावातून पुढे मुळेला मिळते, मुळा-मुठा भीमेला आणि भीमा उजनीला. त्या उजनी जलाशयात आज हा सकर मच्छीमारांची डोकेदुखी झाला आहे. त्याला बाजारात भाव नाही आणि त्याच्या काटेरी कवचाने जाळी फाटतात.

खाऱ्या पाण्याचा जीव राम नदीत सोडला तर काही तासांत मरेल, एवढाच फरक. कोकणात जाऊन समुद्रात सोडणे हे त्याहून वाईट, कारण तिथे तो जगू शकतो आणि सोबत रोग व परके जीव नेतो. लायनफिश हा हिंद-प्रशांत महासागरातला मासा १९८० च्या दशकापासून अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर दिसू लागला तो बहुधा अशाच सोडलेल्या टँकमधून. आज कॅरिबियनमधील प्रवाळखडकांवरचे लहान मासे तो फस्त करतो आहे.

बर्गियांच्या बाबतीत सोय सोपी आहे. टँकमधले आयप्टेशिया संपत आले की रात्री टॉर्चच्या उजेडात त्या काचेवर फिरताना दिसू लागतात. भक्ष्य शोधत असतात. तेव्हाच नळीने ओढून घ्याव्यात आणि ज्याच्या टँकमध्ये आयप्टेशिया आहे अशा दुसऱ्या हौशी माणसाकडे पोहोचवाव्यात. बाणेर, कोथरूड, पिंपरी-चिंचवडमध्ये असा कुणी ना कुणी सापडतोच. तो सापडेपर्यंत त्यांना जगवायचे तर वेगळ्या बरणीत मूठभर आयप्टेशिया मुद्दाम वाढवावे लागतात. चुन्याने मारण्यापूर्वी त्यातले चार-पाच बाजूला काढून ठेवले तर ही बरणी पहिल्या दिवसापासूनच तयार असते.